साडेतीनशे मशीनं, दोन माणसं आणि एक कन्सोल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चाकणला कारखाना, भोसरीला ऑफिस, गोव्यात वेर्ण्याला डेपो. तिन्हीकडे मिळून ‘साधारण ३४०’ डेस्कटॉप-लॅपटॉप आणि २६ सर्व्हर, त्यांतले ७ लिनक्सचे. आयटीत तुम्ही आणि एक ज्युनियर. आजवर पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या (पॅच) मशीनवर टाकणं, रिमोट घेऊन नाहीतर जागेवर जाऊन, जमेल तसं. आता एमडींनी कुठेतरी डेमो पाहिला, एका जागी बसून सगळं मॅनेज होतं हे त्यांना आवडलं, आणि तुम्हाला फर्मान निघालं: सॉफ्टवेअर घ्या. एससीसीएम घ्यावं, इंट्यून घ्यावं, एंडपॉइंट सेंट्रल घ्यावं की डब्ल्यूसस आणि अ‍ॅन्सिबलवर फुकटात भागवावं, असं तुम्ही विचारताय. (पहिली तीन म्हणजे सगळी मशीनं एका पडद्यावरून, म्हणजे कन्सोलवरून, सांभाळणारी टूल. डब्ल्यूसस हा पॅच वाटणारा सर्व्हर, आणि शेवटचं अनेक मशीनांना एकदम हुकूम देणारं मोफत साधन.)

नावाकडे येतोच. पण प्रश्न वाचताना मला टोचला तो ‘साधारण’ हा शब्द. ज्यांना आदेश द्यायचा ती मशीनं नक्की किती आणि कुठली हे ठाऊक नसताना आदेश देण्याचं यंत्र विकत घ्यायचं, हे मला धोक्याचं वाटतं. हे सॉफ्टवेअर म्हणजे अतिशय आज्ञाधारक शिपाई. सांगाल ते, सांगाल त्या मशीनवर, सांगाल त्या वेळी करतो. चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच इमानाने करतो. हाताने काम करताना चूक झाली तर एक मशीन बिघडतं, इथे एका क्लिकवर तीनशे.

माझंच सांगतो. २०१३ साली मी एका वितरण कंपनीत एससीसीएम सांभाळत होतो. एक अपडेट पाठवायचं होतं, बसलं की रिस्टार्ट. डेडलाइन ठेवली पहाटे साडेतीनची. त्या खिडकीत वेळेच्या शेजारी एक छोटा पर्याय असतो: ही वेळ मशीनच्या स्थानिक घड्याळाने धरायची की यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने. मी यूटीसीवर ठेवून ओके केलं. यूटीसीचे पहाटेचे साडेतीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. त्यात आठवडा मार्चअखेरचा. लोक कार्ड पंच करून जागेवर बसले, लॉगिन केलं, आणि अकाउंट्समधल्या बाईंचा फोन आला, “साहेब, माझं व्हाउचर अर्धं आहे आणि इथे उलटी मोजणी चालू झालीय.” मी पळत जाऊन डिप्लॉयमेंट डिलीट केलं. उपयोग शून्य. कारण मशीनं सर्व्हरला ‘नवीन काय?’ असं दर क्षणी विचारत नसतात. एससीसीएममध्ये डिफॉल्टला ती साठ मिनिटांनी एकदा विचारतात. माझं ‘थांबा’ त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर दहा वाजले होते आणि व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी निदान रिस्टार्टवर सुटलो. मे २०१४मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मशीन फॉरमॅट करून विंडोज ७ टाकायचं काम चुकून सगळ्याच विंडोज मशीनांवर गेलं. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, सगळे. त्या यादीत आदेश देणारा एससीसीएमचा सर्व्हर स्वतःही होता. ‘सगळी मशीनं’ असा गट कन्सोलमध्ये तयारच मिळतो, आणि त्यात डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हरही असतो हे घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे एक रुपयाही खर्च न करता यादी करा. यादी म्हणजे एक्सेलमध्ये नावं लिहिणं नव्हे. तीन वेगवेगळ्या जागांहून तीन याद्या काढा आणि एकमेकींवर घासा. पहिली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (कंपनीतल्या मशीनं आणि युजरांची मायक्रोसॉफ्टची नोंदवही), शेवटचं लॉगिन कधी झालं त्या तारखेसकट. दुसरी डीएचसीपी (मशीनांना नेटवर्कचा पत्ता देणारी सेवा) आणि स्विचवरून, म्हणजे तारेवर खरोखर काय जिवंत आहे ते. तिसरी अकाउंट्सच्या फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टरमधली. या तिन्ही जुळलेल्या मी आजतागायत पाहिलेल्या नाहीत. डिरेक्टरीत दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलेली मशीनं नांदत असतात. स्विचवर असं काहीतरी दिसतं जे कुणी विकत घेतलेलं नाही (एकदा सिक्युरिटी केबिनमध्ये पर्यवेक्षकाने घरून आणलेला पीसी निघाला होता). आणि रजिस्टरमधले चार लॅपटॉप कुठे आहेत हे फक्त नोकरी सोडून गेलेल्या सेल्स मॅनेजरला माहीत असतं. यासाठी जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी ही मोफत साधनं पुरतात.

ही यादी विंडोज १०साठीही लागेल. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेली आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची मशीनं नियमाप्रमाणे विंडोज ११ घेत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वाढीव सिक्युरिटी सपोर्ट कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमच्याकडे अशी किती मशीनं आहेत हा आकडा एमडींसमोर ठेवा. टूलचं बजेट त्याच्या शेजारी फार लहान दिसेल.

कारखान्यात सीएनसी मशीनला जोडलेले पीसी असतील. काहींवर विंडोज ७, एखाद्यावर एक्सपी. ते यादीत घ्या, पण एजंट (टूलचा मशीनवर बसणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायच्या यादीत नको. मशीन बनवणाऱ्याने ज्या विंडोजवर चाचणी केली त्याबाहेर काही बदललं तर तो वॉरंटीवर हात वर करतो, आणि स्पिंडल बंद पडल्यावर प्लांट हेड तुमचं काही ऐकून घेणार नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, इंटरनेट तोडा, पेनड्राइव्ह बंद करा, प्रोग्रॅम पाठवण्यापुरती एकच वाट ठेवा.

यादीशीच जोडलेला एक किस्सा, कारण तुमच्याकडेही हे निघण्याची दाट शक्यता आहे. एका ठिकाणी डब्ल्यूससमध्ये ६० मशीनं जोडली आणि कन्सोलवर दिसायची ४१. शोधायला गेलं की हरवलेलं मशीन हजर, आणि काल दिसत होतं ते गायब. दोन दिवस नेटवर्कवाल्याशी भांडलो. शेवटी कळलं की हार्डवेअर पुरवणाऱ्याने एका मशीनची क्लोन कॉपी करून बाकीच्यांवर ओतली होती, सिसप्रेप (कॉपीतली जुन्या मशीनची ओळख पुसायचं विंडोजचं साधन) न करता. प्रत्येक मशीनला डब्ल्यूससशी बोलण्यासाठी एक ओळखक्रमांक असतो, रजिस्ट्रीत. क्लोनमध्ये तोही आला, म्हणजे वीस जणांकडे एकच आधार कार्ड. जो शेवटी बोलेल तोच सर्व्हरला दिसणार. अपडेट सर्व्हिस थांबवायची, तो क्रमांक पुसायचा, सर्व्हिस चालू करून नव्याने नोंदणी करायला लावायची. मशीनमागे दोन मिनिटांचं काम. तुमची मशीनं लॉटने घेतलेली असतील तर हे आधीच तपासा.

यादी का हवी याचं खरं कारण पुढे दिसतं, रिपोर्ट वाचताना. कुठलंही टूल हिरवा गोल दाखवून सांगेल: ९८ टक्के मशीनं पॅच झाली. ९८ टक्के कशाचे? ज्या मशीनवर एजंट आहे आणि जी गेल्या काही दिवसांत सर्व्हरशी बोलली त्यांचे. टूलला ३०० मशीनं ठाऊक, त्यांतली २९४ झाली, हे ९८ टक्के. तारेवर प्रत्यक्षात ३६० असतील तर २९४ म्हणजे ८२ टक्केही नाहीत. अंश टूल देतं, छेद तुम्हाला स्वतः आणावा लागतो. मी दर महिन्याच्या रिपोर्टवर छेद हाताने लिहितो, डीएचसीपीच्या यादीवरून.

आता नाव. इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे, म्हणून तीन गोष्टी आधी बघा. मायक्रोसॉफ्टचं कुठलं लायसन्स आहे, टूल रोज कोण उघडणार, आणि मशीनं ऑफिसात असतात की बाहेर फिरतात.

एससीसीएमचं आजचं अधिकृत नाव मायक्रोसॉफ्ट कॉन्फिगरेशन मॅनेजर, पण आमच्यात अजून सगळे एससीसीएमच म्हणतात. १९९४मध्ये एसएमएस नावाने आलेलं हे घराणं आहे. ताकदीचा प्रश्नच नाही, मी त्यावर सहा वर्षं जेवलो आहे. पण त्याखाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस लागतो, बाउंडरी ग्रुप, डिस्ट्रिब्युशन पॉइंट, कलेक्शन हे सगळं मांडावं लागतं आणि एक शहाणा माणूस पूर्णवेळ लागतो. तुम्ही दोघं आहात आणि प्रिंटरचे कॉलही तुम्हीच घेता. हत्ती बांधू नका.

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम किंवा ई-३ असेल तर इंट्यून त्यात आलेलंच आहे. फिरत्या लॅपटॉपसाठी ते उत्तम, व्हीपीएन नसतानाही हुकूम पोचतो. दोन अडचणी. बिझनेस प्रीमियमला ३०० युजरची मर्यादा आहे. मशीनं ३४० असली तरी युजर किती हे मोजा, शिफ्टमध्ये एकच मशीन तिघं वापरत असतील तर गणित उलटंही जाईल. दुसरं, इंट्यून विंडोज सर्व्हर सांभाळत नाही. डेमोत हे कोणी आपणहून सांगत नाही. तुमच्या २६ सर्व्हरसाठी दुसरी सोय लागेलच.

डब्ल्यूससबद्दल मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की यात आता नवीन काही येणार नाही. म्हणजे बंद झालं असं नाही, विंडोज सर्व्हर २०२५मध्येही ते आहे आणि चालतं. पण ते फक्त मायक्रोसॉफ्टचे पॅच देतं. क्रोम, अ‍ॅक्रोबॅट रीडर, जावा, सेव्हन-झिप यांचं काय? सेव्हन-झिप तर स्वतःहून अपडेट होतच नाही. कोणी टाकलं असेल त्याच व्हर्जनवर वर्षानुवर्षं बसून असतं.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसची जुनी कायमची लायसन्स आहेत, ३६५ नाही. तसं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. डेस्कटॉपसाठी एंडपॉइंट सेंट्रल किंवा त्या वर्गातलं दुसरं टूल घ्या. झोहोच्या मॅनेजइंजिनचं आहे, चेन्नईचं, आधी डेस्कटॉप सेंट्रल म्हणायचे. बाहेरच्या सॉफ्टवेअरचे पॅचही त्यात येतात आणि दोन माणसांना झेपतं. विंडोज सर्व्हरसाठी डब्ल्यूसस लावा, मंजुरी हाताने. सात लिनक्ससाठी अ‍ॅन्सिबल. एमडींच्या ‘एका जागी’ या शब्दाला हे थोडं विसंगत आहे, मला माहीत आहे. पण सर्व्हर आणि डेस्कटॉप एकाच बटणाखाली नसणं हीच सोय आहे. डेस्कटॉपवाल्या ज्युनियरचा हात चुकला तरी ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) उभं राहतं.

आता वेळापत्रक, कारण टूल कुठलंही घ्या, जगण्यामरण्याचा भाग हाच आहे.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्या घड्याळात रात्री साडेदहाला, अमेरिकेतल्या थंडीच्या वेळेत साडेअकराला. म्हणजे आपला दिवस बुधवार. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये कुठेही पडतो. याच दिवसांत ११ला अकाउंट्सचं जीएसटीआर-१ रिटर्न असतं, आणि २०ला ३-बी. हे दोन दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि अकाउंट्सच्या मशीनांचा वेगळा गट करा.

बुधवारी सकाळी फक्त वाचायचं: कुठला पॅच काय मोडतोय अशी ओरड कुठे आहे का. दुपारी तुमची आणि ज्युनियरची मशीनं. शुक्रवारी पायलट, म्हणजे चाचणीची तुकडी: प्रत्येक खात्यातलं एक, मिळून वीस-पंचवीस. पायलटला माणसं निवडताना संगणकात हुशार माणूस घेऊ नका, तो बिघडलं तर स्वतःच दुरुस्त करतो आणि तुम्हाला कळतच नाही. तक्रारखोर माणूस घ्या. स्टोअर्समधले एक काका होते, प्रिंट दोन मिलिमीटर सरकली तरी फोन करायचे. त्यांच्याइतका चांगला टेस्टर मला पगार देऊनही मिळाला नसता. त्यानंतर पुढच्या बुधवारी संध्याकाळी सगळे डेस्कटॉप, अकाउंट्स २०नंतर.

बुधवारी का? पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तेव्हा गुरुवारीच करू, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण गुरुवारी मशीनं बंद असतात, आणि महावितरण देखभाल-दुरुस्तीची कामंही गुरुवारीच काढते. वेक-ऑन-लॅनने (बंद मशीन नेटवर्कवरून चालू करायची सोय) मशीनं उठवली, अपडेट ६० टक्क्यांवर, आणि फीडर बंद. त्या दिवशी आठ मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. तेव्हापासून बुधवारी लोक घरी जाताना. मशीन चालू असतं, वीज असते, माणूसही जागेवर असतो.

सर्व्हर मात्र गुरुवारीच, कारण त्यांना यूपीएस आणि जनरेटर आहे. आदल्या दिवशी डिझेल बघून ठेवा. कमी महत्त्वाचे त्याच आठवड्यात, ईआरपी आणि डेटाबेस पुढच्या गुरुवारी. तो ३० तारखेला येत असेल तर आणखी एक आठवडा ढकला, महिनाअखेर अंगावर घेऊ नका. सर्व्हरवर स्वयंचलित रिस्टार्ट अजिबात नको. डाउनलोड आपोआप होऊ दे, बसवणं आणि रिस्टार्ट माणसाने समोर बसून करायचं, लिहिलेल्या क्रमाने: आधी अ‍ॅप्लिकेशनची सर्व्हिस बंद, मग डेटाबेस, उठताना उलटा क्रम. दोन डोमेन कंट्रोलर असतील तर एक पूर्ण वर येऊन त्यावर लॉगिन करून बघेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. अ‍ॅन्सिबलमध्ये सिरीयल १ ठेवा, म्हणजे एक सर्व्हर झाला की पुढचा, आणि एक पडला की काम तिथेच थांबतं. पॅचआधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली अवस्था) घ्या, पण तीन दिवसांत पुसा. मी एकदा विसरलो. पाच महिन्यांनी स्नॅपशॉट फुगून डेटास्टोअर, म्हणजे त्यांची साठवणीची डिस्क, भरला आणि डिस्पॅचच्या ऐन वेळी सगळे व्हर्च्युअल सर्व्हर गोठले.

हे संथ वेळापत्रक नेहमीच्या पॅचसाठी आहे. ज्या भोकातून प्रत्यक्ष हल्ले चालू आहेत त्याला थांबायचं नाही. वॉनाक्राय हे खंडणी मागणारं रॅन्समवेअर ज्या भोकातून घुसलं त्याचा पॅच १४ मार्च २०१७ला आला होता, हल्ला झाला १२ मेला. मध्ये ५९ दिवस होते. तेवढ्यात वरचं वेळापत्रक दोनदा फिरून झालं असतं. त्या दिवशी मार बसलेल्यांपैकी किती जणांना काही घाई करायची होती? फक्त नियमित राहायचं होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ती फाइल ग्राहकांच्या टप्प्यांना वळसा घालून थेट सगळ्यांकडे गेली होती. त्यामुळे अँटिव्हायरस घेताना विचारा की व्याख्यांचं (व्हायरस ओळखायच्या खुणांचं) अपडेटही टप्प्यांत देता येतं का. आणि बिटलॉकरच्या (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की एका कागदावर, तिजोरीत. त्या दिवशी कित्येकांच्या रिकव्हरी की ज्या सर्व्हरवर होत्या तोच सर्व्हर निळा पडला होता.

डेस्कटॉपबद्दल एक छोटी पण डोकेदुखीची गोष्ट. युजर शपथेवर सांगेल, “मी रोज मशीन बंद करून जातो,” आणि टास्क मॅनेजरमध्ये अप-टाइम दाखवेल ४१ दिवस. तो खोटं बोलत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की ‘शट डाउन’ने विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवला जातो, नव्याने सुरू होत नाही. खरी सुरुवात ‘रिस्टार्ट’नेच होते. पॉलिसीने फास्ट स्टार्टअप बंद करा. अर्धे ‘रिस्टार्ट बाकी’ तिथेच संपतात. उरलेल्यांसाठी टूलचा तो इंग्रजी संदेश बदला. मी लिहितो: ‘आज घरी जाताना मशीन बंद करू नका, रिस्टार्ट दाबून निघा. स्क्रीन बंद केली तरी चालेल. अडचण आली तर एक्स्टेंशन २१४.’ मराठीत लिहायला लागल्यापासून शॉप फ्लोअरवरून ‘साहेब, हे काय आलंय’ असे फोन जवळपास थांबले. वेर्ण्याला कोकणीत लिहून घ्या, तिथल्या कुणाकडून तरी.

वेर्ण्याचं दुसरं गणित बँडविड्थचं. तिथे ६० मशीनं आणि २० एमबीपीएसची लाइन आहे म्हणता. महिन्याचं अपडेट समजा ८०० एमबी. ६० जणांनी आपापलं ओढलं तर ४८ जीबी, म्हणजे लाइन पूर्ण दिली तरी पाच तास वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ डेपोचं बिलिंग ठप्प. तिथलं एक जुनं मशीन डिस्ट्रिब्युशन सर्व्हर करा, म्हणजे अपडेट लाइनवरून एकदा येईल आणि आत वाटलं जाईल. ते मशीन कपाटात ठेवा आणि प्लगवर चिठ्ठी लावा. आमच्या एका शाखेत झाडूवाल्या मावशी पंख्यासाठी तोच प्लग काढायच्या. पहिले दोन महिने आम्ही फायरवॉलला दोष देत होतो.

हे सगळं झालं की तुमच्या हातात एक असा सर्व्हर असेल जो प्रत्येक मशीनवर अ‍ॅडमिन म्हणून काहीही चालवू शकतो. चोराच्या नजरेने बघा: तीनशे घरांत घुसण्यापेक्षा सोसायटीच्या मास्टर की असलेली केबिन फोडणं सोपं. जुलै २०२१मध्ये कसेया व्हीएसए या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधूनच रॅन्समवेअर वाटलं गेलं, फटका दीड हजारांपर्यंत व्यवसायांना. २७ जून २०१७चं नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मेअर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या जेएनपीटीतल्या टर्मिनलपर्यंत आलं, कंटेनरच्या रांगा लागल्या. म्हणून कन्सोलवर दोन टप्प्यांचं लॉगिन, त्या सर्व्हरवर ना मेल ना ब्राउझर, त्याचं पान इंटरनेटवर उघडं नको, आणि त्याचे स्वतःचे पॅच सगळ्यांत आधी. कन्सोलसाठी वेगळं खातं. रोजच्या मेलचं खातं अ‍ॅडमिन नको. सगळ्या मशीनांवर एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड असेल (असणारच, बहुतेक कंपनीचं नाव आणि १२३) तर आधी लॅप्स (प्रत्येक मशीनला वेगळा लोकल पासवर्ड देणारी सोय) लावा. एप्रिल २०२३पासून ते विंडोजमध्येच आहे, पैसे लागत नाहीत. लॉग १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत ते आहे, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचंही.

क्रम म्हणाल तर पहिला महिना याद्या, दुसऱ्यात लॅप्स, फास्ट स्टार्टअप आणि गट, तिसऱ्यात टूल चाचणीवर, तेही फक्त भोसरीला. सर्व्हर सगळ्यांत शेवटी. घाई झालीच तर टूल उशिरा घ्या, याद्या वगळू नका.

आणि एमडींना डेमो आवडला आहे, तर विक्रेत्याला परत बोलवाच, पण यावेळी लॅपटॉप तुमचा आणि परीक्षा तुमची. दहा मशीनांवर एक सॉफ्टवेअर पाठवायला सांगा. दोन मशीनांची नेटवर्क केबल आदेश पोचल्यावर काढा. मग विक्रेत्याला म्हणा, “चुकून गेलं, आता थांबवा.” घड्याळ लावून बसा. जोडलेली आठ मशीनं किती मिनिटांत थांबतात ते लिहून ठेवा. मग त्या दोन मशीनांवर बघत बसा, कारण त्यांच्याकडे आदेश आधीच पोचलेला आहे आणि ‘थांबवा’ पोचलेलं नाही. शेवटी केबल परत लावा आणि कन्सोलवर त्यांचं काय दिसतं ते बघा. तीन विक्रेत्यांकडून हे करून घ्या. तुमच्या प्रश्नातल्या नावांपैकी निवड तिथेच होईल.